ॲपचे नाव छापता, मालकाचेही छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑनलाइन जुगारापायी कर्जबाजारी झालेल्या तरुणांच्या बातम्या आपल्या अंकात हल्ली वरचेवर येतात. गाव असते, वय असते, हरलेली रक्कम असते. ॲपचे नाव कधी असते, कधी नुसतेच ‘एका ॲपवर’. पण पैसे घेणारी कंपनी कोणती, हे त्या बातम्यांत माझ्या वाचनात आलेले नाही. ॲप ही फक्त पाटी. दुकान कोणाचे, हा प्रश्न बातमीदाराला पडू नये याचे आश्चर्य वाटते.

मी चोपड्यात जीएसटी आणि इन्कम टॅक्सची कामे करतो, त्यामुळे लोकांची बँक स्टेटमेंट रोज डोळ्यांखालून जातात. केळीच्या व्यवहारातल्या एका घरचा मुलगा असेच स्टेटमेंट घेऊन आला होता. एका कॅसिनोत हरला म्हणून ते सोडून दुसऱ्यात गेला, तिथून तिसऱ्यात. त्याचा प्रश्न एकच, “पैसा कोनाकडे गया, तात्या?” त्याच्याच मोबाइलवर तिन्ही साइट उघडल्या आणि पार तळाशी गेलो, जिथे बारीक करड्या अक्षरांत मजकूर असतो आणि बोट सहसा पोचत नाही. तिन्हीकडे कंपनी एकच, नोंदणी क्रमांक एकच, पत्ता कॅरिबियनमधल्या कुरासाव बेटावरचे विलेमस्टाड. खाली आणखी एक ओळ होती, पेमेंटचे काम सायप्रसमधल्या अमुक कंपनीकडे. म्हणजे पोराने कॅसिनो बदलला असे त्याला वाटत होते, पण गल्ला तोच होता. एकीकडे खाते बंद करायला सांगितल्यावर आठवडाभरात दुसरीकडून बोनसचा मेसेज कसा आला, याचाही उलगडा झाला.

स्टेटमेंटमध्ये मात्र कुरासाव नाही की सायप्रस नाही. यूपीआयने गेलेले पैसे कुठल्याशा ट्रेडर्सला, एंटरप्रायझेसला, मोबाइल शॉपीला, दर दोन-चार दिवसांनी नवे नाव. आयएफएससी टाकून पाहिले तर शाखा भलत्याच राज्यांतल्या. ही भाड्याची खाती. कमिशनच्या लोभाने पासबुक, एटीएम आणि सिम दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्याला आपण काय विकतोय ते कळत नाही. पोलिस आधी त्याच्याच दारात येतात. एकदा हा मुलगा जिंकलाही होता आणि पैसे खात्यात आले होते. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर पैसे देणाऱ्यानेच आधी ३० टक्के कर (टीडीएस) कापायचा नियम आहे. त्याचा २६एएस, म्हणजे कापलेल्या कराची नोंद दाखवणारा फॉर्म काढला, तर तिथे त्याची एकही एन्ट्री नाही. आपल्या करखात्याच्या लेखी ही देणारी पार्टी अस्तित्वातच नाही!

जगात हा धंदा उघडपणे करणारे समूहही आहेत. पॅडी पॉवर, बेटफेअर, पोकरस्टार्स ही फ्लटर कंपनीची नावे. लॅडब्रोक्स, कोरल, बीविन एन्टेनची. पूर्वीची ८८८ होल्डिंग्ज आता इव्होक म्हणवते, आणि अमेरिकेबाहेरचे विल्यम हिल तिच्याकडे आहे. ब्रिटनच्या जुगार आयोगाच्या नोंदवहीत वेबसाइटचे नाव टाकले की परवाना कोणाचा आणि पूर्वी काय कारवाई झाली, ते कोणालाही दिसते. म्हणून तिथे दंड पाटीला नाही, मालकाला बसतो. २०२२ मध्ये एन्टेनच्या वाट्याला १ कोटी ७० लाख पौंड आले, २०२३ मध्ये विल्यम हिलच्या वाट्याला १ कोटी ९२ लाख. या कंपन्या साधुसंत आहेत असे नव्हे, पण निदान नोटीस कुठे बजावायची हे माहीत असते.

कुरासाव हे नेदरलँड्सच्या राज्यातले कॅरिबियन बेट. लोकसंख्या दीड लाखाच्या आसपास, आपल्या धुळे शहराच्या निम्मीही नाही. तिथे वर्षानुवर्षे चार खासगी कंपन्यांकडे मुख्य परवाने होते आणि त्या आपल्या हाताखाली पोटपरवाने वाटत. अर्जदाराची चौकशी जुजबी, तक्रारदाराला दाद जवळजवळ नाहीच. डिसेंबर २०२४ मध्ये नवा कायदा लागू झाला आणि परवाना थेट तिथले प्राधिकरण देऊ लागले. सुधारणा चांगलीच आहे, पण तो परवाना भारतात चालत नाही, हे तळाच्या त्या बारीक अक्षरांत लिहिलेले नसते.

आपल्याकडे मटका होता तेव्हाही घरे बुडाली. आकड्याचा तो जुगार सुरुवातीला न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या भावावर चाले, हे कापूस पिकवणाऱ्या खान्देशाला कोणी सांगायला नको. पण आकडा कोण घेतो आणि त्याच्यामागे कोण बसतो, हे गावाला आणि चौकीलाही ठाऊक असे. आता गावातला पोरगा व्हॉट्सॲपवर ‘आयडी’, म्हणजे खेळायचे लॉगिन देतो, त्याच्या वर ‘पॅनल’वाला, म्हणजे शाखा चालवणारा, आणि त्याच्याही वरचा दुबईत. महादेव या बेटिंग ॲपच्या प्रकरणात ईडीने हीच रचना मांडली आहे: ओळखीच्यांना पॅनल वाटायचे आणि नफ्याची ७०-३० वाटणी करायची. साइट बंद पाडली की नावापुढे एखादा आकडा जोडून तीच पुन्हा उभी राहते. केवळ ॲपचे नाव छापणारी बातमी त्या दिवशीच शिळी होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैशांचा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षे आणि पन्नास लाखांपर्यंत. पैसे वळवायला मदत करणाराही त्यात येतो. खेळणाऱ्याला मात्र त्यात शिक्षा नाही. हे लोकांना माहीतच नाही. आपणच अडकू या भीतीने घरचे सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोनही करत नाहीत. आपल्या बातम्यांत ही ओळ यायला हवी.

म्हणून विनंती एवढीच, की आपल्या बातमीदाराने ॲपच्या तळाशी जाऊन कंपनीचे नाव, नोंदणी क्रमांक आणि देश टिपून घ्यावा आणि पैसे कोणत्या खात्यांत गेले ते पोलिसांना विचारावे. कंपनी भारतीय असेल, तर कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर संचालक कोण ते दिसते.

आणि एक राहिले. बेटिंगच्या जाहिराती घेऊ नका, असे माहिती व प्रसारण मंत्रालयाने जून २०२२ मध्येच छापील माध्यमांनाही कळवले होते. तरी क्रिकेटच्या हंगामात ‘स्पोर्ट्स न्यूज’ या नावाआडून बेटिंगच्याच ज्या चकचकीत जाहिराती सगळीकडे झळकतात, त्यांचे बिल कोणत्या कंपनीच्या नावाने फाटते, हे एकदा आपल्या जाहिरात विभागाला विचारून छापा.

आपला,
एक करसल्लागार वाचक
चोपडा, जि. जळगाव