सांगलीला परतणे लांबले आहे

तीर्थस्वरूप आई आणि बाबा यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर जे बोलणे अर्धवट राहिले, ते पुरे करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज मी मागे घेतला आहे आणि आमच्या महाविद्यालयाच्या समान संधी कक्षाचे समन्वयकपद तीन वर्षांसाठी स्वीकारले आहे. दिवाळीनंतर गावभागातल्या घरी कायमचे येण्याचे जे ठरले होते, ते त्यामुळे पुढे गेले. निर्णय झालेला आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना तुमच्या मनात उगाच आशा राहायला नको.

बाबा, तुम्ही विचारलेत की गाण्या-नाचण्याच्या शाळेत समित्यांचे काय काम, आणि गुरू रागावल्याशिवाय विद्या कधी आली आहे का. प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर फोनवर देता येण्यासारखे नव्हते. वाणिज्य शाखेत मुलाची उत्तरपत्रिका तपासली जाते. आमच्याकडे त्याचा आवाज, चेहरा, वर्ण, उंची, चाल आणि घरची बोली तपासली जाते. कथकच्या वर्गात गुरूला विद्यार्थिनीच्या खांद्याला किंवा पाठीला हात लावून अंग सरळ करावे लागते. गाण्याची तालीम बंद खोलीत होते, कारण दार उघडे ठेवले तर शेजारच्या वर्गातला तबला आत येतो. नाटकात कोणाला कोणती भूमिका द्यायची हे बहुधा एकच माणूस ठरवतो आणि त्यावर एखाद्या मुलाचे सगळे वर्ष अवलंबून असते. शिकवणाऱ्याच्या हाती इतके सारे असते म्हणूनच आमच्याकडे नियम इतरांपेक्षा अधिक स्पष्ट हवेत. कडक शिस्तीला माझा विरोध नाही. चुकलेली तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर यायचा तालाचा तुकडा, पन्नास वेळा म्हणून घ्यावी. पण ती चुकली म्हणून मुलाची जात, रंग किंवा बापाचा धंदा काढू नये, एवढीच रेषा मला आखायची आहे.

कायदे आणि नियम आधीच झालेले आहेत. रॅगिंगविरुद्धचे नियम २००९ चे आहेत आणि त्याचे प्रतिज्ञापत्र पालकांनाही भरून द्यावे लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ मध्ये समानतेचे नियम काढून प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा असे सांगितले. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०१५ चे नियम आहेत. त्यांत चौकशी ९० दिवसांत पुरी करायची असते आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर समितीत विद्यार्थ्यांचे प्रतिनिधीही घ्यावे लागतात. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. मात्र हे सगळे नियम सर्व महाविद्यालयांना सारखेच लिहिलेले आहेत. मेकअपच्या खोलीत, विंगेत आणि रात्रीच्या तालमीत ते कसे लावायचे, हे कोणीतरी बसून लिहावे लागते, आणि आमच्याकडे ते आजवर कोणी लिहिले नव्हते. ते धोरण आता मी लिहीत आहे.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगतो, विशेषतः आईसाठी, कारण कन्याशाळेतल्या इतक्या वर्षांनंतर तिला ते चटकन कळेल. आमच्या नाटकांच्या तालमी रात्री दहापर्यंत चालत आणि मुलींच्या वसतिगृहाचे फाटक नऊला बंद होई. मुलींना मोठी भूमिका देऊ नका असे कधी कोणी म्हटले नाही, तसे कोणाच्या मनातही नसेल. पण शेवटच्या तासाला हजर राहू शकेल अशाच मुलाला दिग्दर्शक निवडत गेले, गावात घर असलेल्या मुलींना भूमिका मिळत गेल्या आणि वसतिगृहातल्या मुली दासी, सखी, शेजारीण यांतच राहिल्या. वसतिगृहात राहणाऱ्या मुली बहुधा कुठल्या असतात? जत, आटपाडी, माण, खटाव अशा दूरच्या तालुक्यांतल्या. ज्यांच्या घरच्यांनी मोठ्या जिवावर पाठवलेले असते अशा. कोणीही अन्याय करीत नसताना अन्याय होत राहतो तो असा. फाटक रात्रभर उघडे ठेवा, असे म्हणणारा मी नाही. तालीम सर्वांसाठीच साडेआठला संपेल आणि प्रयोगाच्या आठवड्यात उशीर झालाच तर महाविद्यालयाची गाडी मुलींना वसतिगृहापर्यंत पोहोचवील, हे कलम मी पहिल्यांदा लिहिले आहे.

दुसरी गोष्ट बोलीची. आपल्याच जिल्ह्यातला, तमाशाच्या घरातला एक मुलगा आमच्याकडे आहे. ढोलकी त्याच्या हातात अशी बसली आहे की शिकवणाऱ्यांनी ऐकत राहावे. पण अभिनयाच्या वर्गात त्याने संवाद म्हटला की मागच्या बाकांवर हसू फुटते, आणि एकदा तर शिकवणाऱ्यानेच त्याची नक्कल केली. त्यानंतर तो त्या तासाला येईनासा झाला. बाबा, काळू-बाळूंचा तमाशा बघायला तुम्ही सायकलवरून कवलापूरला जात होता आणि दुसऱ्या दिवशी त्यातले संवाद आम्हाला तशाच ढंगात म्हणून दाखवत होता, तेव्हा आई पदर तोंडाला लावून हसायची. ते हसणे कौतुकाचे होते. या मुलाच्या वाट्याला आलेले हसणे वेगळे आहे आणि तो फरक तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला कळतो. भूमिकेला लागतात ते प्रमाण उच्चार आम्ही त्याला अवश्य शिकवू, पण त्याच्या घरच्या बोलीला दोष समजून गुण कापले जाणार नाहीत, असे मूल्यमापनाच्या प्रकरणात लिहिले आहे. निवड-चाचणी कशावर होणार हे आठवडाभर आधी फलकावर लावायचे, परीक्षकांत एक बाहेरचा असावा आणि ज्याची निवड झाली नाही त्याने विचारले तर कारण सांगायचे, हेही लिहिले आहे. काही ज्येष्ठ गुरूंना हे अपमानास्पद वाटते. मी त्यांच्याशी एकेकट्याने बोलत आहे, कारण त्यांची भीतीही खरी आहे; मात्र खोट्या आरोपापासून गुरूचे रक्षणही लेखी पद्धतीच करते, तोंडी कुजबुज करीत नाही, असे माझे ठाम मत आहे.

स्पर्शाविषयीचे कलम अगदी लहान आहे: हात लावण्याआधी विचारावे, आणि नको म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या रीतीने दाखवावे. रंगपटात ज्यांना पुरुषांच्या किंवा स्त्रियांच्या खोलीत कपडे बदलणे जड जाते, त्यांच्यासाठी कडी लागणारी एक वेगळी खोली मागितली आहे. स्त्री किंवा पुरुष या ठरीव साच्यात न बसणाऱ्यांवरून लोक भुवया उंचावतात तेव्हा मला नागठाण्याच्या बालगंधर्वांची आठवण होते. रंगमंचावर ज्या रूपाला आपण डोक्यावर घेतले, त्याच्या जवळपासचे काही रंगमंचाबाहेर दिसले की आपण तोंड फिरवतो, हे मला पटत नाही.

हे सगळे मी पुण्यात शिकलो असे तुम्हाला वाटू नये. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ जे गाणे होते, तिथे तुम्ही मला मांडीवर घेऊन बसत होता. कोण कुठल्या धर्माचा, कोणाचे नाव मोठे, हे तिथे कोणी विचारीत नव्हते. मोठमोठे गवयी सेवा म्हणून गात आणि जमिनीवर बसलेले श्रोते ऐकत. परतताना तुम्ही सतारमेकर गल्लीतून मुद्दाम वळसा घेऊन नेत असा आणि सांगत असा की देशभरचे गाणारे ज्या तंबोऱ्यावर सूर लावतात तो इथल्या कारागिरांच्या हातचा आहे. मी आज कागदावर जे लिहीत आहे, त्याचा पाया तुम्ही घातलेला आहे.

आत्याचे गाणे सुटले, त्याविषयी मला इथे फार लिहायचे नाही. आजोबांसमोर त्या काळी कोणाचे काही चालण्यासारखे नव्हते आणि तिच्या बाजूने बोलणारे घरात तुम्ही एकटेच होता, हे तिनेच मला सांगितले आहे. तिच्या मनात तुमच्याविषयी कधीही किल्मिष नव्हते. पण तिचा तंबोरा माळ्यावर चढला, त्या घरात मी वाढलो आहे, आणि हे काम समोर आले तेव्हा ते दुसऱ्या कोणावर सोडून देणे मला जमले नाही.

आता तुमच्या सोयीचे. तुम्ही एकटे पडणार नाही. ताई मिरजेहून दर बुधवारी येईल, आणि मी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कोयना एक्स्प्रेसने येत जाईन. सकाळ-संध्याकाळ पोळ्या करायला येणाऱ्या मावशींशी बोललो आहे; त्या आता भाजीही चिरून देतील, तेव्हा आईने विळीवर बसायचे नाही. न्हाणीघरात धरायला दांडा आणि अंगणाच्या पायऱ्यांना कठडा बसवायला गवंडी सोमवारी येत आहे. महाविद्यालयाच्या रंगमंचाला उतरण बांधून घेण्यासाठी मी भांडत असताना आपल्या घरी आई गुडघा धरून तीन पायऱ्या चढते, हे मला सहन होणार नाही. गवंड्याला परत पाठवू नका.

बाबांनी कानाचे यंत्र कपाटात ठेवायचे नाही, ते कानात घालायचे. साखरेची तपासणी या महिन्यात करून घ्यायची आणि कागद मला पाठवायचा. पावसाळ्यात आयर्विन पुलापाशी पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीला लागले की त्याच दिवशी ताईकडे निघायचे. २०१९ मध्ये केलेत तसे ४५ फुटांच्या धोका पातळीची वाट बघत माळ्यावर सामान चढवत बसायचे नाही. मी रागावून लिहीत नाही, पण यात माझे ऐका.

सोबत धोरणाचा कच्चा मसुदा पाठवत आहे. तो पालकांनाही समजेल अशा मराठीत असावा असा माझा आग्रह आहे, पण काही वाक्ये अजून सरकारी परिपत्रकासारखी झाली आहेत. बाबा, समास मोठा सोडला आहे. तुमच्या लाल पेनाने हवे तितके खोडा. आई, वसतिगृहाचे प्रकरण तू वाच आणि मुली जे तक्रारीत कधीच लिहीत नाहीत पण ज्यापायी शिक्षण सोडतात, असे काय काय त्यातून राहिले आहे ते मला सांग. पंधरा तारखेच्या आत ताईजवळ द्या, ती स्पीड पोस्टाने पाठवील.

तुमचा,
मोठा