शोध छापले, पुढचे काय?

रविवारच्या पुरवणीतील ‘थक्क करणारे शोध’ ही चौकट वाचली. शुक्रावरचा फॉस्फिन वायू (जीवसृष्टीची संभाव्य खूण), फॉस्फरसऐवजी आर्सेनिकवर जगणारा जिवाणू आणि पर्याय वाढले की ग्राहक खरेदी टाळतो, हे तिन्ही शोध चौकटीत निर्विवाद म्हणून दिले आहेत. ते तसे नाहीत.

फॉस्फिनचे 2020 मध्ये जाहीर झालेले प्रमाण त्याच चमूने काही आठवड्यांत बरेच खाली आणले; वाद अजून चालू आहे. जिवाणूबाबतचा 2010 चा दावा 2012 मध्येच इतर प्रयोगशाळांनी खोडला आणि ‘सायन्स’ या नियतकालिकाने तो शोधनिबंध जुलै 2025 मध्ये, लेखकांचा विरोध असतानाही, मागे घेतला. पर्यायांबाबतचा जॅमचा प्रयोग तर सर्वांच्या तोंडी आहे: दुकानात जॅमचे 24 प्रकार मांडले तेव्हा तिथे थांबलेल्यांपैकी 3 टक्क्यांनी जॅम घेतला, 6 प्रकार मांडले तेव्हा 30 टक्क्यांनी. पण अशा 50 प्रयोगांचा 2010 मध्ये एकत्र हिशेब मांडला, तेव्हा सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. (समोर साड्यांचा ढीग घालणाऱ्या आमच्या परभणीतल्या दुकानदारांना हे आधीच ठाऊक असावे!)

येथील अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षांची मुले आपल्या पुरवणीची कात्रणे वहीत चिकटवतात, त्यांवर तारीखही टाकतात. मागे घेतलेला निबंध ती ‘सामान्य विज्ञान’ म्हणून पाठ करणार. अशा प्रत्येक शोधाखाली त्याचे वर्ष आणि त्याची आजची स्थिती, एवढी एक ओळ तरी छापावी.

– एक निवृत्त शिक्षक, परभणी