'शेंगदाणेवाला' ही शिवी कधीपासून झाली?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातील अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्यावरील लेख वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. माणूस शंभराव्या वर्षी जाऊन पंधरवडा होतो न होतो तोच त्याला मथळ्यात 'शेंगदाणेवाला' म्हणावे आणि खालचा निम्मा मजकूर ट्रम्प यांच्या ७ जानेवारी २०२५ च्या पत्रकार परिषदेतून जसाच्या तसा उचलावा, हे आपल्या दैनिकाला शोभत नाही. आपल्याकडे तिरडी उठेपर्यंत वैरीसुद्धा गप्प बसतो. तिकडे मात्र ज्या दिवशी कार्टर यांची शवपेटी वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये आणली जात होती, त्याच दिवशी ट्रम्प फ्लोरिडात सांगत होते की या गृहस्थांनी पनामा कालवा एका डॉलरला देऊन टाकला. आणि आपल्या लेखकांनी तो डॉलर खरा की खोटा हे न बघता खिशात घातला. कालवा पनामाकडे सोपवणाऱ्या १९७७ च्या करारांत अशी कोणतीही विक्री नाही. सिनेटने दोन्ही करार १९७८ मध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केले आणि त्या ६८ मध्ये १६ रिपब्लिकन होते, त्यांचे सिनेटमधील नेते हॉवर्ड बेकर यांच्यासह. हे सोळा जण लेखात कुठेच भेटले नाहीत.

मी कार्टर यांचा भक्त नव्हे. त्यांच्यावर रागावण्याचा हक्क कुणाला असेल तर तो तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरी केलेल्या आम्हा लोकांना आहे. अणुभट्ट्या अमेरिकेने बांधून दिलेल्या, १९६३ च्या करारानुसार तीस वर्षे इंधनही तेच पुरवणार, आणि १९७८ मध्ये कार्टर यांनी सही केलेला कायदा म्हणाला की तुमचे सगळे अणुप्रकल्प तपासणीसाठी उघडा, नाहीतर इंधन विसरा. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत, ध्वनिक्षेपक चालू असल्याचे ध्यानात न आल्यामुळे, परत गेल्यावर पंतप्रधान मोरारजींना थंड आणि रोखठोक पत्र लिहिले पाहिजे, हे त्यांचे खासगी बोलणे पत्रकारांच्या कानी पडले. आमच्या कॅन्टीनमध्ये तो आठवडाभर दुसरा विषय नव्हता. मी रागाच्या भरात एका दैनिकाला (आपल्या नव्हे) पत्र लिहिले आणि त्यांनी ते तिसऱ्याच दिवशी चौकटीत छापले.

पुढचे आपल्या लेखकांना ठाऊक नसावे, किंवा सोयीचे नसावे. मे १९८० मध्ये अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने तारापूरसाठीचे ३८ टन इंधन नाकारले. निवडणूक तोंडावर असताना आणि स्वपक्षातलेच कितीतरी जण विरोधात असताना कार्टर यांनी जूनमध्ये अध्यक्षांचा अधिकार वापरून तो निर्णय फिरवला. अफगाणिस्तानात रशियन फौजा शिरल्यामुळे त्यांना भारत हवासा वाटू लागला होता, हेही खरे. कनिष्ठ सभागृहाने २९८ विरुद्ध ९८ मतांनी त्यांना धुडकावले. सिनेटनेही तसेच केले असते तर खेळ आटोपला होता. सप्टेंबरात निकालाची बातमी यायची त्या दिवशी आम्ही पाचसहा जण कॉलनीतल्या जिन्याखाली ट्रान्झिस्टर घेऊन उभे होतो. सेल उतरलेले, आवाज खरखरत होता, आणि '४८ विरुद्ध ४६' एवढेच कानावर आले, कोणाच्या बाजूने ते नाही. दहा मिनिटांनी शेजारच्या इमारतीतून एक जण ओरडत आला तेव्हा कळले की दोन मतांनी निभावले. त्या रात्री मी त्याच दैनिकाला दुसरे पत्र लिहिले, की ज्याला मी शिव्या घातल्या तो निदान या खेपेस आमच्यासाठी आपल्याच लोकांशी भांडला. ते पत्र आजतागायत छापून आलेले नाही.

टीका करायला मालमसाला कमी आहे काय? दिल्लीला येण्याच्या आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर १९७७ रोजी, तेहरानच्या मेजवानीत त्यांनी शहांच्या इराणला स्थैर्याचे बेट म्हटले. सव्वा वर्षाच्या आत शहांना देश सोडावा लागला. तेहरानमधल्या अमेरिकी ओलिसांच्या सुटकेची मोहीम वाळवंटातच कोलमडली आणि आठ सैनिक गेले. १९८० ची महागाई तेरा टक्क्यांवर होती, मान्य. पण पुढे ज्यांनी ती आटोक्यात आणली त्या पॉल व्होल्कर यांना १९७९ मध्ये मध्यवर्ती बँकेवर कुणी नेमले, हे लिहितानाच लेखकांची शाई का संपावी? दुसरी बाजूही काही कमी नाही. १९८० मध्ये ज्या डेमोक्रॅटिक पक्षातून टेड केनेडी उमेदवारीसाठी त्यांच्याविरुद्ध उभे राहिले तोच पक्ष आता, कार्टर यांच्या संस्थेच्या मोहिमेने जगातले नारूचे रोगी पस्तीस लाखांवरून २०२३ मध्ये चौदावर आले, असे सांगत त्यांना संत करून मोकळा झाला आहे.

राहता राहिला मथळा. जॉर्जियातल्या प्लेन्स गावी भुईमूग पिकवणाऱ्याला 'शेंगदाणेवाला' म्हणून हिणवणारे आपले दैनिक निवडणुकीच्या दिवसांत दिसेल त्या उमेदवाराला 'शेतकरीपुत्र' म्हणून पहिल्या पानावर मिरवते. तिकडचा शेतकरी हलका असतो काय?

जाता जाता आणखी एक. छायाचित्राखाली त्यांच्या आईंनी 'मुंबईजवळ काही काळ समाजसेवा केली' असे छापले आहे. लिलियन कार्टर १९६६ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून आल्या आणि विक्रोळीच्या गोदरेज वसाहतीतील दवाखान्यात जवळपास दोन वर्षे राबल्या. मुंबईतून निघणाऱ्या वृत्तपत्राला विक्रोळी एवढी तीन अक्षरे जड झाली, आणि त्याच पानावर राशिभविष्याला मात्र पाव पान मिळाले.

१९८० च्या त्या दुसऱ्या पत्राची कार्बन प्रत सोबत जोडत आहे. शाई फिकी झाली आहे, पण आकडे वाचता येतात.

आपला,
एक निवृत्त कर्मचारी, बोईसर