हवामानाच्या चौकटीत ‘कधीपर्यंत’ तेही छापा

मा. संपादक,
स. न.

गुढीपाडवा जवळ आला की बहुतेक दैनिकांत ‘येत्या आठवड्याचे हवामान’ अशी चौकट येते. खाली ठरलेले वाक्य : ‘मराठवाडा, विदर्भात तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पाऊस, काही जिल्ह्यांना यलो अलर्ट.’ वाक्यात चूक काही नसते, पण आज कांदा उपटावा की थांबावे, हे त्यावरून ठरत नाही. हवामान खात्याच्या मूळ पत्रकात ते ठरवण्यापुरती माहिती असते. चौकटीपर्यंत येताना ती गळते.

सर्वांत मोठी गळती वेळेची. खात्याचा दिवस मध्यरात्री नव्हे, सकाळी साडेआठला बदलतो. पर्जन्यमापकातले पाणीही त्याच वेळी मोजतात. सोमवारी दुपारच्या पत्रकातला ‘पहिला दिवस’ मंगळवारी सकाळी साडेआठला संपतो. तेच पत्रक मंगळवारच्या अंकात छापले, तर पेपर दारात पडतो तेव्हा त्या दिवसाचे दीड-दोन तासच उरलेले असतात. वाचक ज्याला ‘आज’ म्हणतो तो पत्रकातला ‘दुसरा दिवस’ असतो. बुधवारी पहाटे पाचला गारा पडल्या तर खात्याच्या हिशेबाने त्या मंगळवारच्या अंदाजात बसतात; वाचक मात्र बुधवारचा रकाना पाहून अंदाज चुकला म्हणून मोकळा होतो. चौकटीत ‘बुधवार सकाळी ८.३० पर्यंत’ एवढे चार शब्द घातले तरी हा घोळ मिटेल.

दुसरा घोळ ‘तुरळक’चा. बोलताना आपण तुरळक म्हणजे थोडासा, नगण्य असे समजतो. पत्रकात तो पावसाच्या जोराचा नव्हे, विस्ताराचा शब्द आहे : विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंतच्या पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’. जोराचे मोजमाप वेगळे. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की ‘जोरदार’. वळीव तर असतोच तुरळक, आणि ज्या शिवारावर कोसळतो तिथली बाग झोडपून काढतो. त्यात ‘मध्य महाराष्ट्र’ हा खात्याचा एकच विभाग नंदुरबारपासून कोल्हापूरपर्यंत पसरलेला आहे. त्यातली एक-चतुर्थांश केंद्रे नेमकी कुठली, हे जिल्ह्याचे नाव दिल्याशिवाय कळणार कसे?

रंगांचेही तसेच. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. रंग पावसाचे मिलिमीटर सांगत नाही. परिणाम किती आणि शक्यता किती, या दोन्हींच्या मेळातून तो ठरतो. एप्रिलमध्ये एकाच दिवशी अकोल्याला उष्णतेचा पिवळा आणि नांदेडला विजांचा पिवळा असू शकतो. कारण न देता नुसता रंग छापणे म्हणजे औषधाचे नाव न सांगता गोळीचा रंग सांगण्यासारखे आहे.

या दिवसांत पाऊस येतो तो बहुधा खंडित वाऱ्यांच्या पट्ट्यामुळे. विदर्भापासून मराठवाडा, उत्तर कर्नाटक ओलांडून हा पट्टा पार दक्षिणेपर्यंत जातो, समुद्रसपाटीपासून साधारण ९०० मीटर उंचीवर. त्याच्या एका अंगाला उत्तरेचे कोरडे वारे, दुसऱ्या अंगाला समुद्रावरून आलेले दमट. दुपारी जमीन तापली की या रेषेच्या आसपास ढग उभे राहतात. उत्तरेत पश्चिमी झंझावात (पश्चिमेकडून येणारा कमी दाबाचा पट्टा) सरकत असेल आणि वरच्या थरात थंड हवा घुसली, तर गारा. पट्टा शंभर किलोमीटर इकडेतिकडे सरकला तरी जिल्हे बदलतात. म्हणूनच पहिल्या दोन दिवसांचा अंदाज आणि पाचव्या दिवसाचा अंदाज एकाच ठामपणे छापू नयेत. दर गुरुवारी निघणारा चार आठवड्यांचा अंदाज तर आठवडा सरासरीपेक्षा ओला की कोरडा, गरम की थंड, एवढाच कल देतो. त्यातून ‘अमुक तारखेला अवकाळी’ असा मथळा काढणे ही शुद्ध कल्पनाशक्ती.

उन्हाळ कांद्याचे पाहा. निम्म्या रोपांच्या माना (पात कांद्याला जुळते तो भाग) पडल्या की काढणी. उपटलेला कांदा पातीसकट असा पसरतात, की एका ओळीच्या कांद्यावर पुढच्या ओळीची पात झाकण होते. तीन-चार दिवस सुकला की मानेला दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून पात कापायची आणि दहा-बारा दिवस सावलीत. घात होतो तो पहिल्या तीन-चार दिवसांत. ओली मान मिटत नाही. बाहेरून कांदा वाळलेला दिसतो, पण साठवणीच्या चाळीत गेल्यावर मानेकडून सडतो, काजळी (काळी बुरशी) धरतो. जमिनीतला कांदा एखादी सर सोसतो, पसरलेला सोसत नाही. म्हणजे शेतकऱ्याला हवे असतात सलग चार कोरडे दिवस, आणि मंगळवारी व शुक्रवारी निघणाऱ्या जिल्हावार कृषी सल्ल्यात पुढच्या पाच दिवसांचाच अंदाज असतो. तो जसाच्या तसा छापला तरी पुरे. ताडपत्री घालायची वेळ आलीच तर सर थांबताच काढावी, नाहीतर आत घाम धरतो आणि पावसाने वाचले ते वाफेने जाते.

शिजवून पसरलेली हळद, तासगावकडचा शेडमधला बेदाणा यांना मात्र पंधरवडाभर वाळवण लागते. तिथे पाच दिवसांचा अंदाज अपुरा. आच्छादन हाताशी ठेवूनच काम सुरू करावे लागते.

मुंबई-कोकणच्या वाचकाला पारा ३७ आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, हा किनाऱ्यावरच्या उष्णतेच्या लाटेचा निकष माहीत असायला हवा. मैदानी भागासाठी किमान ४० लागतात. खारे वारे दुपारी उशिरा आले की किनाऱ्यावर पारा चढतो.

विजेसाठी साप्ताहिक चौकट कामाची नाही. त्यासाठी तीन तासांचा तात्काळ इशारा आणि पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप. चौकटीखाली त्यांची एक ओळ द्यावी.

जागेची अडचण असेल तर महानगरांच्या तापमानाचा तक्ता काढा. निफाडच्या वाचकाला चेन्नईचा पारा घेऊन काय करायचे आहे?

– एक वाचक, नाशिक