केल्विन नेमके कुठे चुकले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पृथ्वीच्या वयाबद्दल झालेल्या वादावरचा आपल्या पुरवणीतला लेख आवडीने वाचला. मराठी दैनिकात या विषयाला एवढी जागा मिळाली याचा मनापासून आनंद झाला. पण एकोणिसाव्या शतकातले ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड केल्विन यांनी पृथ्वीचं वय फार कमी काढलं, त्याचं जे कारण लेखात दिलं आहे (किरणोत्सर्गाची, म्हणजे खडकांतली काही मूलद्रव्यं आपोआप विघटित होताना निघणारी उष्णता त्यांना ठाऊक नव्हती) ते बरोबर नाही, आणि ती चूक दाखवून देणाऱ्या जॉन पेरी यांचं नावच त्यात नाही. भूशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे खटकणारच.

आधी भूशास्त्रज्ञांची बाजू. स्कॉटिश भूशास्त्रज्ञ जेम्स हटन 1788 मध्ये जॉन प्लेफेअर आणि जेम्स हॉल यांना घेऊन होडीतून स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला गेले. तिथे करड्या खडकाचे थर फळीवर लावलेल्या पुस्तकांसारखे जवळजवळ उभे आहेत. त्यांची वरची टोकं झिजलेली, आणि त्यावर तांबड्या वालुकाश्माचे थर किंचित कलते पसरलेले. म्हणजे समुद्राच्या तळाशी गाळ साचला, त्याचा खडक झाला, तो वळ्या पडून उभा राहिला, वर आला, झिजला, आणि मग त्यावर नव्याने वाळू साचली. आज नदी आणि पाऊस जमीन ज्या गतीने झिजवतात ती गती धरली तर या सगळ्याला किती काळ लागला असेल? हटन यांनी आकडा सांगितला नाही. तो काही हजार वर्षांत मावणारा नाही, एवढं मात्र तिथे उभं राहिलं की कोणालाही पटावं.

केल्विन यांनी 1862 मध्ये आकडा काढला. पृथ्वी आरंभी वितळलेल्या खडकाइतकी तप्त होती, मग ती घट्ट झाली आणि उष्णता केवळ वहनाने (म्हणजे खडक जागचा न हलता, कणाकडून कणाकडे) बाहेर पडत राहिली, असं त्यांनी धरलं. जमिनीत खोल जावं तसं तापमान किती वाढतं यावरून त्यांनी वय काढलं : 2 ते 40 कोटी वर्षं. 1897 पर्यंत त्यांनी ते 2 ते 4 कोटींवर आणलं. आपल्या सह्याद्रीचा काळा खडकच सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांचा आहे! घाटरस्त्याच्या कापात दोन लाव्हाथरांमध्ये जो तांबड्या मातीचा पट्टा दिसतो, तो खालचा थर निवून, कुजून, त्याची माती होईपर्यंत गेलेल्या काळाचा पुरावा आहे. नागपूर परिसरात स्टीफन हिस्लॉप यांना 1850च्या दशकात अशाच थरांमधल्या गाळात गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांचे जीवाश्म मिळाले होते. खडक वाचणाऱ्यांना केल्विन यांचा आकडा तोकडा का वाटत होता, हे यावरून कळावं.

लेखात म्हटलं आहे की किरणोत्सर्गाची उष्णता ठाऊक नसल्यामुळे केल्विन चुकले. 1904 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ रदरफर्ड यांनी खुद्द केल्विन यांच्यासमोर व्याख्यानात हा मुद्दा मांडला आणि तोच रूढ झाला. पण केल्विन यांच्या गणितात ही उष्णता घालून पाहिली तरी वयात फारसा फरक पडत नाही. 2007 मध्ये इंग्लंड, मोल्नार आणि रिक्टर या तीन शास्त्रज्ञांनी हे स्पष्ट मांडलं आहे.

खरी चूक उष्णता केवळ वहनाने बाहेर पडते या गृहीतात होती, आणि ती 1895 मध्येच, म्हणजे किरणोत्सर्गाचा शोध लागण्याच्या आधीच, पेरी यांनी दाखवली होती. पेरी हे अभियंते, एकेकाळचे केल्विन यांचेच सहायक. आदल्या वर्षी लॉर्ड सॅलिसबरी यांनी ऑक्सफर्डच्या भाषणात केल्विन यांचा आकडा डार्विन यांच्या नैसर्गिक निवडीच्या सिद्धांताविरुद्ध (त्याला फार मोठा काळ लागतो) वापरला, तेव्हा पेरी यांनी ते गणित तपासायला घेतलं. त्यांचं म्हणणं साधं होतं : पृथ्वीचा अंतर्भाग थोडा जरी प्रवाही असला, तरी आतली उष्णता अभिसरणाने (म्हणजे तापलेला भाग स्वतःच वर सरकून) सतत वर येत राहील. मग कवचाजवळचं तापमान आज आहे तसं व्हायला 200 ते 300 कोटी वर्षंही लागू शकतात. आधी त्यांनी हे केल्विन यांना खासगीत कळवलं. गुरूवर जाहीर टीका करणं त्यांना जड गेलं होतं. अंतर्भाग असा प्रवाही आहे हे त्यांचं म्हणणं ऐकलं गेलं असतं, तर भूखंड सरकतात ही कल्पना स्वीकारायला पुढे इतकी दशकं लागली नसती असं मला वाटतं.

किरणोत्सर्गाचं श्रेय वेगळं आहे. त्याने घड्याळ दिलं : युरेनियमचं ठरावीक गतीने शिसं होत जातं, म्हणून दोन्हींच्या प्रमाणावरून खडकाचं वय कळतं. 1907 मध्ये बोल्टवूड, मग आर्थर होम्स आणि 1956 मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी युरेनियम आणि शिसं यांच्या मोजमापातून वय काढत नेलं, आणि पॅटरसन यांचा 455 कोटी वर्षांचा आकडा आजही जवळपास तसाच टिकून आहे.

आपण पेरी यांच्यावर आकृत्यांसह स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती. अकरावी-बारावीच्या मुलांना कळेल इतपत सोप्या भाषेत तो लिहून द्यायला मी तयार आहे.

आपला,
एक निवृत्त भूशास्त्र शिक्षक, सातारा