तुम्ही आभार मानू देत नाही, म्हणून हे पत्र

प्रिय काका,

तोंडी आभार मानायला गेलं की तुम्ही हात झटकता. ‘आभार मी मानायचे, तू नाही,’ म्हणता आणि चहाचे ग्लास गोळा करायला लागता. म्हणून लिहितोय. नाव तुमचं नाही की माझं नाही. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या आपल्या संघटनेची, अल्कोहोलिक्स अनॉनिमसची रीतच ती. दादरच्या त्या खोलीत येणारे ओळखतील, तेवढं पुरे.

पहिल्याच रविवारी मी तुमच्यापुढे बढाई मारली होती, आठवतं? ‘मी दारुडा नाही. श्रावण पाळतो. गटारीला ग्लास खाली ठेवतो, तो थेट अनंत चतुर्दशीला उचलतो. मधे एक थेंब नाही.’ तुम्ही विचारलंत, ‘दिवस मोजतोस?’ मोजायचो. कॅलेंडरवर रोज पेनानं बारीक रेघ. विसर्जनाच्या दिवशी बाप्पा मांडवातून हलायच्या आत माझी क्वार्टर फुटलेली असायची. तुम्ही म्हणालात, ‘पितोस तेव्हा डोक्यात ती, पीत नाहीस तेव्हाही तीच. श्रावण तू नाही पाळत रे, तिनं तुला पाळलंय.’

असा राग आला होता! आईची शपथ, मुलीच्या डोक्यावर हात, सगळं करून झालं होतं. आणि तुम्ही सांगत होतात, हरलो म्हण. संघटनेनं दारू सोडायच्या ज्या पायऱ्या सांगितल्यात, त्यातली पहिलीच ती: दारूपुढे आम्ही हतबल आहोत, आयुष्य आवरेनासं झालंय. वाटलं, हे कसलं औषध? पैलवानाला सलामी झडण्याआधीच पाठ टेकायला सांगायची! पण शपथ घेतली की मी दंड थोपटून तिच्यासमोर उभा राहायचो आणि कुस्ती चालूच राहायची. हरलो म्हटल्यावर आखाडाच उरला नाही. हे मला तेव्हाच समजलं असं म्हणणं खोटं होईल. तेव्हा मी फक्त दमलो होतो.

देवाचा मुद्दा काढून मी निसटायला बघितलं. पायऱ्यांमध्ये देव आहे आणि मी नास्तिक. ‘ज्याला जसा उमगेल तसा, असं तिथंच लिहिलंय,’ तुम्ही म्हणालात. ‘मानू नकोस. सकाळी हात मात्र जोड.’ कुणाला? ‘ते नंतर बघू.’ सहा वर्षं जोडतोय. कुणाला, ते अजून कळलेलं नाही. (नास्तिकपण शाबूत आहे, मीटिंगमध्ये चिडवू नये.)

आणि ती रात्र. पावणेएक वाजलेला, करी रोड स्टेशनबाहेर मी, खिशात सील न फोडलेली क्वार्टर. फोन केला. तुम्ही बनियनवर शर्ट चढवून, वरचं बटण खालच्या काजात अशा अवतारात, गुडघा धरत चालत आलात. बाटली मागितली नाहीत. फूटपाथवर बसलात आणि स्वतःचंच सांगत सुटलात. गिरणीच्या साचेखात्यात नुकते कायम झालेले, आणि १८ जानेवारी १९८२ चा संप. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर. ‘हात रिकामे झाले, मग ग्लास धरला.’ काकूंचं डोरलं गहाण टाकल्याचं सांगताना तुम्ही रस्त्याकडे बघत होतात. तीनच्या सुमारास उठताना म्हणालात, ‘बरं झालं फोन केलास. आज माझंही काही खरं नव्हतं.’

मला वाटलं, मन राखायला बोलताय. पुढे तुम्हीच ॲक्रनची गोष्ट सांगितलीत. मे १९३५. न्यूयॉर्कचा बिल नावाचा शेअर दलाल, धंद्याचं काम फसून ओहायोतल्या त्या गावात हॉटेलात अडकलेला. दारू सुटून काही महिने झालेले, आणि बारमधला गलका लॉबीपर्यंत येतोय. त्यानं फोन फिरवले ते दुसरा एखादा पिणारा शोधायला. त्याला वाचवायला नव्हे, स्वतः वाचायला. भेटला तो सर्जन, डॉक्टर बॉब. त्या डॉक्टरनं शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा आपल्या संघटनेचा जन्मदिवस. आता यात कुणी कुणाला वाचवलं? वारीत दोघं एकमेकांच्या पाया पडतात, दोघंही माउली. तसंच काहीसं.

मुलगी परवा म्हणाली, ‘बाबा, सहा वर्षं थेंब नाही, मग तिथं “मी मद्यपी आहे” का म्हणता?’ नीट सांगता आलं नाही. म्हणायचं सोडेन त्या दिवशी पिईन, एवढंच सुचलं. तिला ते पटलं नाही.

गेल्या महिन्यात तो नवा पोरगा आला ना, ‘मी दारुडा नाही, नवरात्रात शिवतसुद्धा नाही’ म्हणणारा? मी तुमच्याकडे बघितलं, तर तुम्ही मुद्दाम ग्लास गोळा करायला निघून गेलात. मग मीच त्याला नंबर दिला. काल ऑफिसात वाजलं होतं, घरी येताना पाय नको त्या गल्लीकडे वळत होते, तेवढ्यात त्याचा फोन. तासभर रडत होता. ठेवताना मी ‘थँक यू’ म्हणालो, तर बिचारा गोंधळला.

रविवारी त्याला घेऊन येतो. खुर्च्या आम्ही मांडू. तुम्ही गुडघा सांभाळा.

तुमचाच,
एक मद्यपी