‘उन्हाला विचार’ म्हणणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय. तुम्ही शिकवलंत ते माझ्यापुरतं ठेवणं मला बरं वाटत नाही.

नैसर्गिक रंग करायला शिकायला मी तुमच्याकडे आले तेव्हा रडवेली झाले होते. मैत्रिणीला दिलेल्या चित्रातला हळदीचा रंग दोन महिन्यांत उडून गेला होता. तुम्ही समजूत घालत बसला नाहीत. कागदाच्या पट्ट्यांवर हळद, मंजिष्ठा (या वेलीच्या मुळांचा लाल रंग) आणि गेरू लावायला सांगितलंत, प्रत्येकीचा अर्धा भाग पुठ्ठ्याने झाकून खिडकीत ठेवलात. ‘उन्हाला विचार,’ एवढंच म्हणालात. तीन आठवड्यांनी पुठ्ठा काढला तर गेरू जसाच्या तसा, मंजिष्ठा जराशी उतरलेली आणि हळदीची उघडी बाजू जवळजवळ कोरी!

मग साका पाडायला, म्हणजे पाण्यातला रंग गाळासारखा तळाशी बसवायला, बसवलंत. मंजिष्ठेची मुळं रात्रभर भिजवायची, पाणी ७० अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, नाहीतर लाल रंग तपकिरीकडे झुकतो. गाळलेल्या पाण्यात तुरटी विरघळवायची आणि धुण्याच्या सोड्याचं पाणी थेंबाथेंबाने सोडायचं. मी घाई केली, फेस बरणीबाहेर आला, तुम्ही न बोलता फडकं पुढे केलंत. तुरटीतलं अॅल्युमिनियम न विरघळणारा साका होऊन बसतं आणि रंगाला धरून ठेवतं, हे तेव्हा सांगितलंत. सकाळी बरणीत तळाशी दाट लाल थर होता आणि वर निवळ पाणी. मी किती वेळ नुसती बघत राहिले! तुरटी आणि सोड्यातून झालेलं मीठ निघून जावं म्हणून साका तीनदा धुतला, वाळवला, डिंकाच्या पाण्यात घोटला.

पण सगळ्यात मोठे आभार हरताळ या पिवळ्या खनिजासाठी. जमिनीतून निघतो म्हणजे निर्धोकच, असं धरून मी त्याचा खडा कुटायला आणला होता. तुम्ही हातातला बत्ता काढून घेतलात. हरताळात आर्सेनिक असतं, हिंगुळ या लाल खनिजात पारा. नैसर्गिक असले तरी विषारीच. ती पूड माझ्या श्वासात गेली असती, धुतलेलं पाणी मातीत गेलं असतं. पर्यावरणाची काळजी म्हणून रंग करायला निघालेली मी, आणि एवढं साधं विचारलं नव्हतं.

मैत्रिणीसाठी नवं चित्र झालंय, गेरू आणि मंजिष्ठेचं. कुठले रंग वापरलेत आणि चित्र थेट उन्हात ठेवू नये, हे मागे लिहिलंय. आता खिडकीत हिरडा आणि हिराकशीच्या (लोखंडाच्या क्षाराच्या) काळ्या रंगाची पट्टी आहे. पुठ्ठा काढायला याल ना?

तुमची,
एक विद्यार्थिनी